दोन बोटं, दोन ठिपके

रात्री अडीच-तीनच्या सुमारास उजवा हात जणू मरून पडायचा आणि त्यानंच जाग यायची. उठून बसायचं, थर्मामीटर झटकतात तसा हात झटकायचा, मुंग्या ओसरल्या की परत आडवं व्हायचं. २०११ च्या हिवाळ्यात हे आठवड्यातून एखाद-दोनदा व्हायचं. २०१२ चा उन्हाळा येईतो रोजचं झालं.

तेव्हा आम्ही बॉस्टनजवळ फ्रेमिंगहॅमला राहत होतो. मी घरून ऑर्डरच्या पोळ्या करून द्यायचे. शुक्रवार-शनिवार मिळून दीड-दोनशे, गणपती-दिवाळीत त्याहून जास्त. कणीक तिंबण्यापासून भाजण्यापर्यंत सगळं एकटीनं. आधी अंगठा, मग तर्जनी, मग मधलं बोट बधिर व्हायला लागलं. करंगळी मात्र शेवटपर्यंत धडधाकट. पोळीची कड जाड राहिली की पूर्वी बोटांना आपोआप कळायचं, आता डोळ्यांनी बघावं लागायचं. दुखण्यापेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटली.

डॉक्टरांनी मनगट वाकवून धरायला सांगितलं आणि मिनिटाच्या आत बोटांत झिणझिण्या सुरू झाल्या. कार्पल टनेल. मनगटात हाडांचा एक अरुंद बोगदा असतो आणि त्याला वरून जाड अस्थिबंधाचं छप्पर असतं. बोटं वाकवणाऱ्या नऊ कंडरा आणि मीडियन नर्व्ह नावाचा एक मज्जातंतू एवढ्याशा जागेतून जातात. आत दाटी झाली की चेंगरतो तो मज्जातंतू. करंगळीचा तंतू वेगळ्या वाटेनं जातो, म्हणून ती वाचते. रात्री मनगटाला पट्टा बांधून झोपायचं, नाही भागलं तर इंजेक्शन, नाही तर ऑपरेशन, असं सगळं समजावून सांगितलं. ऑपरेशन म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. हातावर सुरी चालवून घ्यायची कल्पनाच करवेना.

तिथल्याच फलकावर एक कागद लावलेला होता. कार्पल टनेलच्या रुग्णांवर अॅक्युपंक्चरचा काय परिणाम होतो ते मेंदूच्या स्कॅननं तपासायचंय, स्वयंसेवक हवेत. दुखणं हातात, फोटो मेंदूचा, हे मला तिथं उभ्या उभ्या समजलं नाही. पण उपचार फुकट होते आणि सुरी नव्हती. मी नंबर उतरवून घेतला.

सोलापूरला आईला फोन केला तर ती म्हणाली, "अगं, कोटणीसांच्या गावची तू. सुया घ्यायला भितेस होय?" आमच्याकडे चीन म्हटलं की डॉ. द्वारकानाथ कोटणीस आलेच. भैय्या चौकातल्या त्यांच्या घरावरून मी शाळेत जायचे. खरं म्हणजे कोटणीस शल्यविशारद, ते चीनमध्ये जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत आणि १९४२ साली तिथंच गेले. अॅक्युपंक्चर शिकून भारतात आणलं ते १९३८ च्या त्याच पाच डॉक्टरांच्या पथकातल्या डॉ. बिजॉय बसूंनी. पन्नासच्या दशकाच्या शेवटी ते चीनमध्ये ही विद्या शिकले आणि कलकत्त्याला तिचा उपयोग करू लागले. पण आईला एवढं सांगत बसले नाही. तिनं होकार दिला होता, तेवढं पुरे होतं.

आधी निवड-चाचणी. मनगटापाशी आणि बोटांवर इलेक्ट्रोड लावून हलके शॉक देतात आणि संदेश पोचायला किती वेळ लागतो ते मोजतात. माझा आकडा ४.१ मिलिसेकंद आला, म्हणजे तंतू मंदावला होता. मग प्रश्नावली. ती बॉस्टनमध्येच तयार झालेली आहे आणि जगभर वापरतात. ११ प्रश्न लक्षणांचे, ८ प्रश्न कामांचे, प्रत्येकाला १ ते ५ गुण. बटणं लावता येतात का, बरणीचं झाकण उघडतं का, वाचताना पुस्तक धरवतं का, किराण्याच्या पिशव्या उचलतात का. लाटणं धरण्याचा प्रश्न अर्थातच नव्हता. 'घरकाम' या ओळीपुढे मी ४ लिहिलं.

संमतीपत्र वाचायला मला दोन दिवस लागले. सोडत काढून तीन गट करणार होते. काहींना दुखऱ्या मनगटापाशी सुया, काहींना विरुद्ध बाजूच्या पायाच्या घोट्यापाशी, आणि काहींना खोटं अॅक्युपंक्चर. आपण कुठल्या गटात, हे शेवटपर्यंत सांगणार नाहीत. ८ आठवडे, १६ वेळा यायचं. आधी आणि नंतर स्कॅन. तीन महिन्यांनी पुन्हा प्रश्नावली. शेजारची मैत्रीण म्हणाली, खोटं निघालं तर सगळं वायाच की गं. मला तसं वाटलं नाही. पूर्वी कुणीतरी त्या खोट्या गटात बसलं असेल, म्हणून तर आज आपल्याला औषधं मिळतात. कुणीतरी बसायलाच हवं. मी सही केली.

स्कॅन चार्ल्सटाउनच्या जुन्या नौदलाच्या गोदीत होता. मार्टिनोस सेंटर हे मेंदूच्या प्रतिमांवर काम करणारं केंद्र तिथल्या १४९ नंबरच्या इमारतीत आहे. जवळच 'यूएसएस कॉन्स्टिट्यूशन' हे दोनशे वर्षांहून जुनं लाकडी लढाऊ जहाज नांगरलेलं असतं. समुद्राचा खारट वारा अंगावर घेत मी आत गेले, आणि पहिला अर्धा तास अंगावरचे दागिने काढण्यात गेला.

स्कॅनरचं चुंबक ३ टेस्लाचं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ६० हजार पट, आणि ते कायम चालू असतं. त्यामुळे केसांतल्या पिना, कानातलं, मंगळसूत्र, सगळं एका डब्यात. जोडवी मात्र निघेनात. लग्नानंतर ती कधी काढलीच नव्हती. तिथल्या मुलीनं कुठलंसं मलम आणून दिलं, मी बेसिनपाशी बसून पंधरा मिनिटं खटपट केली. निघाली तेव्हा बोटांवर दोन पांढरे गोल उरले होते. चांदीला चुंबक ओढत नाही, पण भेसळ काय असेल ते सांगता येत नाही, असं तिनं फार आदरानं समजावलं. मंगळसूत्राचा डबा हातात घेऊन तीच बाहेर उभी राहिली, तेही मी विसरलेले नाही.

आत आडवं झालं की डोक्याभोवती पिंजऱ्यासारखं एक साधन बसवतात. कानात बोळे, हातात एक रबरी फुगा, घाबरलं की दाबायचा. आणि मग आवाज. पुष्कळजण या आवाजाला बिचकतात. माझं बालपण साखर पेठेत गेलं, भिंतीपलीकडे यंत्रमाग. खट-खट-खट-खट, दिवसपाळी, रात्रपाळी. माग बंद पडला की आमची झोप मोडायची. चार्ल्सटाउनच्या त्या नळीत डोळे मिटले आणि मला माझं घर ऐकू आलं. नंतर कळलं, स्कॅनरच्या नळीभोवती तारांची वेटोळी असतात, त्यांतून वीज झटपट बदलत जाते, ती थरथरतात, त्याचा तो आवाज.

हलायचं नाही, एवढीच अट. तर्जनी आणि मधल्या बोटाला बारीक पट्ट्या लावल्या होत्या. कधी एका बोटाला, कधी दुसऱ्याला विजेचे सौम्य ठोके. दुखत नव्हतं, टिचकी मारल्यासारखं वाटायचं. त्यातल्या काही टिचक्या नेमक्या कुठल्या बोटाला बसल्या ते मला सांगता आलं नसतं.

हे सगळं नेमकं काय चाललंय, ते तिथल्या एका तरुण संशोधकानं मला विचारल्यावर समजावून सांगितलं. त्याचं मी माझ्या भाषेत असं समजून घेतलं. पंगत बसली आहे आणि आपण लांब माडीवर उभे आहोत. जेवणारे दिसत नाहीत, फक्त वाढपी दिसतात. जिथं वाढप्यांची गर्दी, तिथं जेवणारे आहेत असं समजायचं. मेंदूतल्या पेशी जेवणारे, रक्त वाढपी. एखाद्या भागात काम सुरू झालं की तिकडे प्राणवायूनं भरलेलं रक्त धावतं, गरजेपेक्षा जास्तच, पण पाचेक सेकंद उशिरा. प्राणवायू असलेलं आणि नसलेलं रक्त चुंबकात वेगळं वागतं. तो फरक पकडायची युक्ती सेइजी ओगावा यांनी १९९० साली दाखवली, त्यावर एफएमआरआय, म्हणजे कामात असलेल्या मेंदूचा हा स्कॅन, उभं आहे. म्हणजे रंगीत ठिपका हा विचाराचा फोटो नाही, वाढप्यांच्या गर्दीचा आहे. वर्तमानपत्रात मेंदूचं रंगीत चित्र येतं तेव्हा हे कुणी सांगत नाही, आणि सांगायला हवं.

आता हातासाठी मेंदू का? मेंदूच्या वरच्या पट्टीवर आपल्या अंगाचा नकाशा असतो, त्यात प्रत्येक बोटाला आपली आपली जागा. कार्पल टनेलमध्ये अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांतून सतत एकदमच मुंग्यांचा कलकलाट वर जातो. दोन बोटं कायम एकाच वेळी ओरडली की मेंदू त्यांना वेगळं ओळखेनासा होतो आणि नकाशावरच्या त्यांच्या जागा एकमेकींकडे सरकतात, एकमेकींत मिसळतात. पहिल्या स्कॅननंतर त्यानं मला पडद्यावर माझं चित्र दाखवलं. तर्जनीचा ठिपका, मधल्या बोटाचा ठिपका, आणि दोन्ही जवळजवळ एकावर एक. एका माणसाच्या चित्रावरून काही ठरवायचं नाही, असं तो दोनदा म्हणाला. पण मला तर पोळीची जाड कड का कळत नाही याचं उत्तर तिथं दिसत होतं. मी सहा महिने हाताला दोष देत होते.

त्याच दिवशी स्कॅनरमध्येच एकदा अॅक्युपंक्चरही केलं. साध्या पोलादी सुया चुंबकाजवळ चालत नाहीत, म्हणून टायटॅनियमच्या. अॅक्युपंक्चर करणाऱ्या बाई नळीच्या तोंडाशी वाकून माझ्या हातावर काम करत होत्या, मला फक्त छत दिसत होतं. काहीतरी टोचल्याचं जाणवलं. नंतर एक यादी वाचून दाखवली, चिनी वैद्य ज्याला 'दे-ची' म्हणतात त्या संवेदनेची. जडपणा किती, भरल्यासारखं किती, मुंग्या किती, बधिरपणा किती, ठणका किती, ऊब किती, गार किती, प्रत्येकाला शून्य ते दहा. सुई लागली की नुसती टोच नाही, आतून जड, भरून आल्यासारखं वाटायला हवं, अशी त्या शास्त्राची धारणा.

ही यादी भरणं सगळ्यात अवघड गेलं, कारण ती इंग्रजीत होती आणि दुखणं माझं मराठीत होतं. त्यांच्या एका शब्दात माझे तीन शब्द कोंबावे लागत. मुंग्या वेगळ्या, झिणझिण्या वेगळ्या, सळसळ वेगळी. कळ येते, चमक निघते, ठसठसतं, ठणकतं, अवघडतं, आग होते. आमची आजी नुसत्या शब्दावरून गळू पिकलंय की नाही ते ओळखायची. मी संशोधकाला हे सांगितलं, तर त्यानं वहीत टिपून घेतलं. त्या दिवशी मी ठणक्याला २, जडपणाला ३ आणि मुंग्यांना ६ लिहिलं.

मग ८ आठवडे. सोडतीत माझ्या वाट्याला हात आला. मनगटाजवळ प्लास्टिकच्या बारीक रिंगा, त्यातून सुया, वर चिमट्यानं तारा. विजेचा प्रवाह काहींना जाणवतो, काहींना नाही, असं सांगितलं होतं. मला नाही जाणवला. मंद दिवा, अर्धा तास शांतता. आठवड्यातून दोनदा मुलांशिवाय, फोनशिवाय मी पडून राहायचे, असं त्याआधी कित्येक वर्षांत घडलं नव्हतं. घोट्याला सुया घेणारी माणसं बाहेर बाकावर भेटत, मोजे काढलेले असत. मला त्यांची कीव यायची. हाताचं दुखणं आणि सुया पायाला, बिचाऱ्यांना खोटा गट मिळाला, असं मी मनात धरून बसले होते.

आणि मला बरं वाटायला लागलं. तिसऱ्या आठवड्यात दोन रात्री सलग झोपले. सहाव्यात बरणीचं झाकण उघडलं, नवऱ्याला हाक न मारता. प्रश्नावलीत ४ चे ३ झाले, काही २ झाले. मी कुठलीही गोष्ट वाढवून सांगितली नाही, जसं होतं तसंच लिहिलं. सोलापूरला फोन करून म्हटलं, "आई, सुया लागू पडल्या."

दुसऱ्या स्कॅनच्या वेळी जोडवी आधीच घरी काढून गेले.

तीन महिन्यांत रात्रीच्या मुंग्या हळूहळू परतल्या. आणि माझा सहभाग संपल्यावर, मी विचारलं होतं म्हणून, त्यांनी गट कळवला. मला सुया टोचल्याच नव्हत्या. त्या सुईचं टोक बोथट असतं, त्वचेला टेकलं की सुई आपल्याच मुठीत आत सरकते, नाटकातल्या खंजिरासारखी. बघणाऱ्याला ती आत गेल्यासारखी वाटते आणि ज्याला लावली त्यालाही. जर्मनीत हायडेलबर्गच्या डॉक्टरांनी १९९८ साली ही सुई पुढे आणली. तारांमधून वीजही नव्हती. माझा तंतूचा आकडा ४.१ चा ४.२ झाला होता. पडद्यावरचे दोन ठिपके होते तिथंच.

त्या संध्याकाळी मी बराच वेळ गप्प होते. फसवलं असं मुळीच वाटलं नाही, सगळं संमतीपत्रात लिहिलेलं होतं. मला छळत होता तो दुसराच प्रश्न. मग मी झोपले होते ते काय होतं? झाकण उघडलं ते कुणी? ते तर खरं होतं. अर्धा तास शांत पडणं, कुणीतरी आपला हात हातात घेऊन बारकाईनं बघणं, बरं होईल ही आशा, यांनी माझं दुखणं खरोखर कमी केलं. फक्त मनगटातला तंतू तसाच चेंगरलेला राहिला. बरं वाटणं आणि बरं होणं या दोन गोष्टी आहेत आणि आतून त्या अगदी सारख्या भासतात. मला तो फरक कळला नसता. मिलिसेकंदांना आणि ठिपक्यांना कळला.

अभ्यासाचा निबंध २०१७ साली 'ब्रेन' या नियतकालिकात आला. मुलीनं तो मला उतरवून दिला आणि आम्ही दोघींनी शब्दकोश घेऊन वाचला. कार्पल टनेलचे ८० रुग्ण, तुलनेसाठी ३४ निरोगी माणसं. तिन्ही गटांना लक्षणांत आराम पडला, खोट्या सुयांच्या गटालाही. म्हणजे मी एकटी नव्हते. पण तंतूचा वेग आणि बोटांच्या ठिपक्यांमधलं अंतर यांत सुधारणा झाली ती खऱ्या सुयांच्या गटांत. ज्यांचे ठिपके जास्त लांब सरकले, त्यांचा आराम तीन महिन्यांनंतरही टिकला. आणि ज्यांची मी कीव केली ती घोट्याची माणसं खऱ्या गटातली होती. त्यांच्या मेंदूत बदल दिसला तो पायाच्या जागेजवळ, हातावर सुया घेणाऱ्यांच्या हाताच्या जागेजवळ. त्यातल्या एका बाईंना मी म्हटलं होतं, तुमचं काही खरं दिसत नाही. त्यांची क्षमा मागायची राहून गेली.

त्यानंतर या विषयावरचं जे मिळेल ते मी वाचत राहिले. मिशिगन विद्यापीठानं २००९ साली फायब्रोमायल्जिया, म्हणजे सगळं अंग सतत दुखत राहण्याचा आजार, असलेल्या २० बायकांवर पीईटी स्कॅननं केलेला अभ्यास मला सगळ्यात जवळचा वाटतो. वेदना शमवणारी आपल्या शरीरातली अफूसारखी द्रव्यं मेंदूत ज्या ग्राहींना चिकटतात, ते ग्राही त्यांनी मोजले. खऱ्या आणि खोट्या दोन्ही सुयांनी दुखणं सारखंच कमी झालं, पण ग्राहींचं वागणं दोन्हीकडे वेगळं. आराम एकच, वाटा दोन. माझीच गोष्ट, दुसऱ्या यंत्रानं सांगितलेली.

आणि एक उलटी गोष्टही सांगायला हवी. १९९८ साली कॅलिफोर्नियातून एक निबंध आला होता. पायाच्या करंगळीजवळचा डोळ्यांसाठी सांगितलेला बिंदू टोचला की मेंदूतला दृष्टीचा भाग चेततो, असा. तो फार गाजला. २००६ साली त्यातल्या बहुतेक लेखकांनी तो मागे घेतला, कारण बिंदू आणि मेंदूचा भाग यांचं असं एकास एक नातं पुढच्या कामात टिकलं नाही. मला अशा माणसांबद्दल आदर वाटतो. तरीही अमुक बिंदू म्हणजे अमुक अवयव असे तक्ते दाखवून 'एमआरआयनं सिद्ध झालंय' असं सांगणारे आजही भेटतात, पुण्यातही आणि बॉस्टनमध्येही. मी त्यांच्याशी वाद घालते. अॅक्युपंक्चरवर राग म्हणून नाही, तर ८० माणसं ८ आठवडे त्या खोलीत पडून होती म्हणून. त्यांनी जे दिलं ते नीट सांगितलं जावं.

ओळखीच्या बायका विचारतात, घेऊ का गं सुया? मी सांगते, घ्यायच्या तर घे, पण आधी तंतूची चाचणी करून घे आणि चार महिन्यांनी परत कर. अंगठ्याच्या मुळाशी हाताचा फुगीर भाग बसायला लागला असेल तर वाट बघू नकोस. माझा बसायला लागला होता आणि 'सुयांनी बरं वाटतंय' म्हणून मी ते बघत नव्हते.

२०१३ च्या जुलैत ऑपरेशन केलं. ज्याला इतकी घाबरत होते ते पाऊण तासात आटोपलं. दीड महिना लाटणं हातात धरलं नाही. गौरीच्या वेळी पहिल्यांदा थोडी कणीक भिजवली, हळूच, डाव्या हाताच्या आधारानं. मिठाचा एक खडा विरघळायचा राहिला होता, तो तर्जनीला लागला. मधल्या बोटाला नाही, तर्जनीलाच. मी तो बाजूला काढला आणि हात तसेच कणकेत ठेवून उभी राहिले.

पुढच्या आठवड्यात केंद्राला ईमेल लिहिलं, आता माझा पुन्हा स्कॅन घेता येईल का म्हणून. आपुलकीनं उत्तर आलं, पण ऑपरेशननंतरचे स्कॅन त्या अभ्यासात बसत नव्हते. त्या दोन ठिपक्यांमध्ये आता किती अंतर पडलंय, ते मला बघायचं होतं.